कप्तान की वकील?

साहित्य माणसाला दुसऱ्याचं दुःख वाचायला शिकवतं, असं प्राध्यापक तीस वर्षं वर्गात सांगत आले होते. पेपर तपासताना मात्र ते फक्त मुद्दे मोजत.

‘कादंबरीतील कप्तान आणि वकील या प्रतिस्पर्ध्यांची तुलना करा’ या प्रश्नाखाली एका मुलीने लिहिलं होतं, ‘दोघं नायिकेसाठी भांडतात, पण तिला कुणीच काही विचारत नाही. मलाही दोन स्थळं आलीत. बाबा म्हणालेत, महिनाभर निकालाची वाट बघतो. पास झालीस तर पुढे शीक, नाहीतर दोघांतला एक पत्कर.’

“यात तुलना कुठाय, सर?” शेजारी पेपर तपासणाऱ्या मॅडम डोकावून म्हणाल्या. “शून्य द्या आणि मोकळे व्हा.”

“थांबा हो मॅडम. जन्मात एकदा तरी नीट वाचू द्या.”

प्राध्यापकांनी नियम खुंटीला टांगून दहापैकी दहा दिले. मुलगी बरोबर पस्तीसवर, काठावर पास झाली. उशीर नको म्हणून त्यांनी आपला गठ्ठा त्याच संध्याकाळी, सगळ्यांच्या आधी, स्वतः नेऊन जमा केला.



विद्यापीठाने निकाल सात महिन्यांनी लावला.