खुणेचं अंडं

मुलाने कोंबड्यांची शीट पाण्यात कालवली, त्यात चिमूटभर माती टाकली आणि दोन बोटांनी ती स्वच्छ अंड्यावर फासली. वर एक पीस चिकटवलं.

"बघ आई, झालं की नाही झाडाखालचं?"

म्हातारीने ते अंडं हातातही घेतलं नाही. अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची. सकाळीच टेम्पोने आली होती. लिंबाच्या झाडांखाली हिंडणाऱ्या तिच्या चाळीस कोंबड्यांची पिसं झडत होती, आणि त्या दिवसांत कोंबडी अंडं देत नाही. आठ दिवसांत एकही मिळालं नव्हतं. दरवर्षी असे दिवस आले की ती खानावळीच्या आचाऱ्याला सरळ सांगायची, महिनाभर फिरकू नका. यंदा मुलाने सांगू दिलं नाही. गिऱ्हाईक एकदा तुटलं की तुटलं, म्हणाला.

"वीस वर्षांत बरबटलेलं अंडं माझ्या हातून गेलंय का रे? पेंढा रोज बदलते मी."

"तिथंच चुकतेस. घाण दिसली की लोकांना अस्सल वाटतं. तू फक्त हो म्हण. आचारी तुझ्या तोंडाकडे बघून अंडी घेतो."

बोटं पँटला पुसून त्याने चहाचा कप उचलला. नखांत हिरवट काळं तसंच होतं. लहानपणी जेवणाआधी हेच हात तिने घासून घासून धुतले होते. तिने तोंड फिरवलं आणि खुराड्याकडे गेली.

कोपऱ्यातल्या पेंढ्यात खुणेचं अंडं होतं. कोंबडीला जिथे अंडं दिसतं तिथेच ती बसते, म्हणून म्हातारी एक कायम तिथे ठेवायची. चुकून उचललं जाऊ नये म्हणून त्यावर कोळशाची फुली. हे चार महिन्यांचं होतं. हलवलं तर आत डुचमळत होतं. थुंकी लावून तिने फुली पुसली आणि अंडं मुठीत घेतलं. अंड्यालाच बोलू दे; नासकं निघालं की आचारी आपणच काही न घेता परत जाईल. मग पोटचा पोर लबाड आहे, हे आपल्या तोंडाने सांगायला नको.

आचारी आला. टोपलीत डोकावला.

"आजी, या खेपेला मळकी दिसतायत."

"चिखल झालाय ना झाडांखाली," मुलगा घाईने म्हणाला.

"तुला नाही विचारलं. आजी, झाडाखालचीच ना?"

म्हातारीने मूठ उघडली. "हे झाडाखालचं. फोडून बघा."

आचाऱ्याने ते वाडग्याच्या कडेवर आपटलं. पचकन आवाज झाला. काळपट हिरवं पाणी त्याच्या मनगटावरून ओघळलं आणि असा भपकारा सुटला की मुलगा नाक दाबून कुंपणापर्यंत पळाला. आचारी दोनदा थुंकला. हात चोळून चोळून धुतला. मग चक्क हसला.

"असू द्या, आजी. वीस वर्षांत एक नासकं निघालं, त्याचं काय एवढं! तुमचा शब्द आहे ना? बाकीची भरा."

मुलाचा जीव भांड्यात पडला. लगबगीने परत येऊन तो त्याच बोटांनी अंडी खोक्यात भरू लागला, आणि आईकडे बघून त्याने हळूच डोळा मारला.

नासक्या अंड्याच्या वासाने म्हातारी जागची हलली नव्हती. आता मात्र ती पुढे झाली. तिने टोपली आपल्याकडे ओढली.

"घेऊ नका," ती आचाऱ्याला म्हणाली. "यात झाडाखालचं तेवढं एकच होतं."