मधला पट्टा

"मॅडम, त्या मधल्या पट्ट्यातले तारे कोणाचे?"

स्वतःच्या आईला मॅडम म्हणताना तिला हसू आवरेना. आज तिचा वर्ग आईबाबांच्या संशोधन संस्थेत आला होता आणि दोघं मिळून आपलं काम दाखवत होते. मागच्या रांगेत मैत्रिणींची खुसखुस चालली होती. "विचारून दाखव, सीमावाद! विचारलंस तर मानलं तुला," असं म्हणत त्यांनीच तिला कोपरानं ढोसून उभं केलं होतं. पुढच्या महिन्यात घर विकून आईबाबा दोन वेगळ्या घरांत राहायला जाणार होते, आणि मुलगी कोणाची यावरून दोघांची चांगली जुंपलेली असणार, हे वर्गानं गृहीतच धरलं होतं. म्हणून हे नाव. तिला ते आवडायचं. आपल्यावरून कोणीतरी भांडतंय, यात वाईट काय?

पडद्यावर अवकाश दुर्बिणीनं टिपलेल्या दोन दीर्घिका होत्या. एकमेकींच्या इतक्या जवळून गेलेल्या, की दोघींचेही आकार पिळवटलेले. मोठीला आई 'थोरली' म्हणायची, लहानीला बाबा 'धाकटी'. थोरलीचा प्रकाश आईनं मोजला होता, धाकटीचा बाबांनी. आपापल्या खोलीत, दारं लावून. आणि दोघींच्या मध्ये, त्या ओढाताणीत बाहेर फेकल्या गेलेल्या ताऱ्यांचा एक अंधूक पट्टा.

"ते सरांच्या आकड्यात आहेत," आई म्हणाली.

"ते मॅडमच्या आकड्यात," बाबा म्हणाले.

दोघं एकदमच बोलले. अख्खा वर्ग खो खो हसला. वर्गाच्या बाईंनी तर टाळ्या वाजवल्या. ठरवून केलेला विनोद आहे, असंच सगळ्यांना वाटलं.

आई मात्र हसली नाही.

कार्यक्रम संपला. बाई वर्गाला घेऊन खाली बसकडे गेल्या. तिला आईबाबांबरोबर घरी जायचं होतं, म्हणून ती मागे राहिली.

आईनं लॅपटॉप पुढे ओढला. थोरलीभोवती स्वतः आखलेली लाल रेघ उघडली, आणि तिच्या बाजूला बाबांची निळी रेघ चढवली. लाल रेघ पट्ट्याच्या अलीकडे संपत होती. निळी पलीकडून सुरू होत होती. पट्टा कोणाच्याच रेघेत नव्हता.

"मला वाटलं, तू मोजला असशील," आई म्हणाली.

"मला वाटलं, तू."

"अरे, विचारायचं तरी!"

"तू विचारलंस?"

शोधनिबंध उद्या जायचा होता. बाबा खुर्ची ओढून आईशेजारी बसले. कितीतरी महिन्यांत ते इतके जवळ बसले नव्हते. ती टेबलावर चढून बसली आणि पाय हलवत दोघांकडे बघत राहिली.

"अर्धा अर्धा घालू," बाबा म्हणाले.

"वाटणी करायला जमीन आहे का ती? कुठला तारा कोणाकडचा होता, हे आता कसं सांगणार?"

"मग?"

"वेगळा मोजायचा. तिसरा आकडा." आईनं पडद्यावर बोट ठेवलं. "आणि हे निळे ठिपके बघ. हे तर नवीनच तारे आहेत. पट्ट्यातच जन्मलेले."

"म्हणजे दोघींचेही नाहीत?" तिनं टेबलावरून विचारलं. "मग ते टिकतात का गं?"

"काही वेळा टिकतात," आई मान न वळवता म्हणाली. "बहुतेक वेळा विखरून जातात."

दोघं बऱ्याच दिवसांनी नीट बोलत होती, त्यामुळे तिला धीर आला. कोणाचंच मन मोडणार नाही असं एक उत्तर तिनं आरशासमोर उभं राहून पाठ करून ठेवलं होतं. छान जमलं होतं ते, हातवाऱ्यांसकट. आता फक्त कोणीतरी 'माझ्याकडेच' म्हणायचा अवकाश.

"बरं, आता माझंही सांगून टाका," ती म्हणाली. "मी रडणारबिडणार नाही. मी कोणाकडे राहू?"

कीबोर्डवरची आईची बोटं थांबली. "अगं, बाबांकडे ना? शाळा तिथून जवळ पडते. माझ्याकडे तर एकच खोली आहे."

बाबांनी मान वर केली.

"माझ्याकडे? मी तर पलंगही एकच घेतलाय... मला वाटलं, ती तुझ्याकडे येणार."

"अरे, विचारायचं तरी," आई म्हणाली.

बाबांनी मान पुन्हा लॅपटॉपकडे वळवली.

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. पडद्यावर लाल रेघ आपल्या जागी, निळी आपल्या जागी. तिनं पाठ केलेलं उत्तर आठवून पाहिलं. सुरुवातच आठवेना.

म्हणजे सीमावाद कधी नव्हताच.

खाली बसचा हॉर्न वाजला. "सीमावाद! ए सीमावाद! टाटा!" मैत्रिणी घसा फोडून ओरडत होत्या. ती टेबलावरून उतरली, खिडकीशी गेली आणि बस फाटकाबाहेर पडेपर्यंत हात हलवत राहिली. मग वळली. रडणार नाही म्हणाली होती, तर रडली नाही.

"घर विकायचं नाही," ती म्हणाली. "मी तिथेच राहणार. तुम्ही यायचं. एक आठवडा आईनं, एक आठवडा बाबांनी."

"असं कसं चालेल, बाळा?" बाबा म्हणाले.

"चालेल," ती म्हणाली. "आणि येताना बेल वाजवायची."