डागांचा पाठ

बी.एड.च्या सराव पाठासाठी वृंदाला गृहविज्ञानातला ‘कपड्यांवरचे डाग’ हा घटक मिळाला होता. आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर कुलथे मॅडम शेरे लिहायला बसल्या होत्या. वृंदाने हळदीचा, चहाचा, शाईचा डाग काढून दाखवला. आवाज सपाट होता, हात बिनचूक चालत होते. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आल्यापासून आठ महिने तिचं सगळंच असं चाललं होतं. जेवली तरी चव कळत नव्हती.

“रक्ताचा डाग थंड पाण्यात मीठ घालून भिजवायचा. गरम पाणी अजिबात नाही, डाग पक्का होतो,” ती म्हणाली. हे तिला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

शाळा सुटल्याची घंटा झाली. “पाठ चांगला झाला, पण जरा हसत जा गं,” एवढं बोलून कुलथे मॅडम गेल्या. वर्ग रिकामा झाला तरी प्रांजल नावाची मुलगी टेबलापाशी थांबून राहिली.

“मॅडम, रक्ताचा डाग सारखा सारखा पडत असेल तर? आईच्या उशीवर असतो. ती म्हणते, घोळणा फुटला, नाकातून रक्त आलं. पण त्याआधी बाबांचा आवाज चढलेला असतो.”

वृंदाचे हात थांबले. तिनेही शेजारणीला हेच कारण सांगितलं होतं, आणि शेजारणीने ते मानून घेतलं होतं. आठ महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती, आताही रडली नाही.

“डागाचं राहू दे,” पर्स उचलत ती म्हणाली. “आई आत्ता घरी एकटी आहे का? चल, मी येते तुझ्याबरोबर.”