आखाजीचं शेवटचं गाणं

रेकॉर्डिंगचा लाल बल्ब लागला की थंडाव्याच्या मशीनच्या बटणाला कुणाला हात लावू द्यायचा नाही, एवढं एकच काम स्वप्नीलने वडिलांना दिलं होतं. त्यासाठी झुलाल नाना बटणाखालीच खुर्ची टाकून बसले होते, तंबाखू मळत.

भिंतीपलीकडे त्यांचीच केळी पिकवायची चेंबर. भडगावात याहून मुकी खोली नाही, म्हणून लेकाने तिचा स्टुडिओ केला. हंगामाला अजून अवकाश होता, खोली रिकामीच. थंडाव्याचं मशीन चालू ठेवलं तर घरघर माइकात जाते, बंद ठेवलं तर आत भट्टी. त्या भट्टीत नूतन गात होती. स्वप्नीलची मोठी बहीण, सुरतेला दिलेली.

लेक तिच्याकडून गाऊन घेतो ते ब्लूज रॉक म्हणजे काय, हे नानांनी एकदा त्याला विचारून घेतलं होतं. "दुःखाचं गाणं असतं नाना, फक्त गिटार जोरात." नानांना काही पटलं नाही. दुःख असं लाउडस्पीकर लावून कोण सांगतं? पण झालेली गाणी लेकाने गेल्या वर्षी मोबाइलवर सोडली, आणि बंगळुरूच्या कुणीतरी लिहिलं की या बाईच्या आवाजात कुणाची तरी वाट बघणं आहे. चौकातल्या पानवाल्याने तीच गाणी ऐकून विचारलं, "नाना, पोर रडी ऱ्हायनी का गाई ऱ्हायनी?" दोघांत नानांना पानवाला जास्त जाणकार वाटला.

त्यांचा स्वतःचा हिशेब निराळा होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके घेतात, सांजोऱ्या खातात. नूतनचं येणं मात्र मध्ये बंदच पडलं होतं. कधी सासूचे गुडघे, कधी पोरांच्या परीक्षा. नाना कडुनिंबाला झोका बांधायचे आणि आखाजी सरली की मुकाट्याने सोडायचे. मग लेकाने ही रेकॉर्ड करायला घेतली. कव्हरवर 'सौजन्य' म्हणून आपलं नाव येणार हे कळल्यावर जावईबापू स्वतः तिकीट काढून बायकोला पाठवू लागले. आखाजी आली की दोन गाणी, कधी तीन. नानांना त्यातला सूर कळत नव्हता, बेरीज कळत होती.

परवा जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बठ्ठा गाना हुई ग्यात?"

"एकच राहिलं," स्वप्नील खुशीत म्हणाला. "देवपूरच्या पोरांनी ड्रम, बेस वाजवून पाठवलंय. ताईचा आवाज चढला की संपलं. पोळ्याच्या आत रेकॉर्ड बाहेर! मी तर जाहीरही करून टाकलंय."

"मंग?"

"मग काय? मग सुटलो."

नानांनी आमरसाची वाटी खाली ठेवली ती ठेवलीच.

पण ते एक गाणं काही मनासारखं उतरेना. आज जीप दारात येऊन उभी राहिली, अमळनेरहून सुरतेची गाडी गाठायची होती. नूतनची बॅग जीपमध्ये गेली, वर सांजोऱ्यांचा डबा. एकदाच गाता येईल एवढा वेळ उरला, तेव्हा ती पुन्हा आत शिरली आणि लाल बल्ब लागला.

नानांनी दाराला कान लावला. आज पोर अडखळत नव्हती. सूर कळत नसला तरी माल तयार झाला की नुसत्या वासाने ओळखणारा माणूस तो. शेवटचं कडवं आलं तसा तिचा आवाज एकदम खाली उतरला, विहिरीत पोहरा सोडावा तसा. नानांच्या तळहातावरची तंबाखू तशीच राहिली.

ते उठले. त्यांनी एकवार बल्बकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

मशीन घरघरलं. दार उघडून स्वप्नील बाहेर आला, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. "नाना! लाल बल्ब दिसत नाही का?"

"केळी खराब व्हतीन ना रे भो."

"कोणती केळी?"

उघड्या दारातून रिकामे क्रेट दिसत होते. नानांनी तिकडे पाहायचं टाळलं.

"ताई, परत घेऊ, दहाच मिनिटं..."

"गाडी चुकेल," जीपमधून ड्रायव्हर ओरडला.

स्वप्नील मटकन पायरीवर बसला. "अख्खं वर्ष गेलं आता. लोकांना काय तोंड दाखवू?"

"बंगळुरूवालाले सांग," नाना म्हणाले, "आजून थोडी वाट दख."

नूतन ओढणीने मान पुसत बाहेर आली. तिच्यामागून गार हवेचा झोत आला. ती नानांच्या पाया पडली. उठताना त्यांच्या कानाशी हळूच म्हणाली, "पुढच्या आखाजीला बटण जरा आधी दाबा नाना. शेवटच्या कडव्यापर्यंत फार उकडतं."