सहा पायांचे कासव

“कासवाला चारच पाय असतात, शाल्मली. परीक्षक हसतील तुला!” असे म्हणत हेरंबने लेकीच्या वाळूच्या कासवाचे दोन पाय मोडून टाकले. मग शिंपल्याच्या कडेने त्याने पाठीवर रेखीव खवले कोरले.

“अरे, स्पर्धा पोरांची आहे, बापांची नाही,” बायकोने टोकले.

“पोरांची असली म्हणून चूक ती चूकच!”

कासव महोत्सवासाठी तिघे कोकणात आले होते. त्याच सकाळी अंड्यांतून निघालेली पिल्ले समुद्राकडे सरपटत जाताना त्यांनी पाहिली होती. शाल्मली तेव्हापासून याच कासवाच्या नादात होती. आता ती बाजूला सरकली.

“पहिला नंबर!” परीक्षकबाई कौतुकाने म्हणाल्या. “कसं गं केलंस एवढं सुरेख?”

“हे बाबाचं आहे. माझ्याला सहा पाय होते. सकाळी एक पिल्लू सगळ्यांच्या मागे राहिलं होतं ना, ते लवकर पोचावं म्हणून.”

हेरंबने ते पिल्लू पाहिलेच नव्हते. त्या वेळी तो शेजारच्या गृहस्थाशी कासवांच्या जातीवरून वाद घालत होता. आता लगबगीने त्याने ओंजळभर ओली वाळू आणली.

“चल, ते पाय पुन्हा लावू. कुठे होते, दाखव.”

शाल्मलीने फ्रॉकला हात पुसले. तिच्या स्वरात रुसवा असता, तर त्याला तिची समजूत तरी घालता आली असती.

“तूच लाव, बाबा,” ती समंजसपणे म्हणाली. “तुला बरोबर येतं.”