अंगठ्याखालचं बटण

नदी यायला हवी होती. आली नाही.

तिनं मांडीवरच्या नकाशातली पेन्सिलीची रेघ पुन्हा बोटानं चाचपली. वेग ठरलेला, दिशा ठरलेली, घड्याळ चालू. त्या हिशेबानं एव्हाना पंखाखाली पाणी चमकायला हवं होतं. खाली होती धुरकट शेतं, सगळी एकासारखी एक. समोर तर नुसतं पांढरं, दूध सांडल्यासारखं.

मग तिची नजर वरच्या होकायंत्रावर गेली. समोरची दिशेची तबकडी एक सांगत होती, होकायंत्र दुसरंच. तबकडी हळूहळू सरकते, ती अधूनमधून होकायंत्राशी जुळवून घ्यायची, हे पहिल्या आठवड्यातलं शिक्षण. ती विसरली होती. आता जुळवली. पण कधीपासून चुकत होतं, कुणास ठाऊक. दिशा कळली, जागा कळेना. इंधनाचा उजवा काटा तळाला टेकला होता आणि डावा त्याच्या मागोमाग निघाला होता.

तिनं अंगठ्याखालचं बटण दाबलं. "टॉवर, मी वाट चुकलेय."

टॉवरमधल्या साहेबांचं खरं आडनाव शिकाऊ वैमानिकांपैकी कुणालाच आठवत नसे. सगळे त्यांना मोजकेसाहेब म्हणत. रेडिओवर एक शब्द जास्त झाला की ते "मोजकं!" म्हणून खेकसत. कालच तिला म्हणाले होते, "बाई, हा रेडिओ आहे, माहेर नाही."

"ठीक," ते आता म्हणाले. "बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. तुम्ही बोलता तेव्हा इथला दिशेचा काटा तुमच्याकडे वळतो. गप्प झालात की पडतो. आणि काटा आहे म्हातारा, जागेवर यायला वेळ घेतो. लांबलचक बोला."

"मी... खाली शेतं आहेत. पुढे काही दिसत नाही."

"एवढ्यानं काय होतंय?"

"सर, बटण दाबलं की मला तुमचं ऐकू येत नाही."

"तुम्हाला नाही येणार. मला येईल."

"नुसतं दाबून ठेवू का?"

"मग शुद्धीवर आहात की नाही, कसं कळणार मला?" क्षणभर खरखर झाली. "पोरी, बोल."

तिनं बटण दाबलं. कानात बोळे कोंबावेत तसं सगळं मिटलं. खाली इंजिनाची थरथर, बाकी कुणी नाही. उत्तर न देणाऱ्याशी काय बोलायचं?

पण एरवी दिवसभर ती दुसरं करत काय होती! घरी सासूबाईंच्या मांडीवर सात महिन्यांची लेक होती.

"एक होता चमचा," ती म्हणाली. आवाज भलताच बारीक निघाला. "त्याला वाटलं, वाटी काय, रोजचीच आहे. जरा फिरून येऊ. ओट्याच्या कडेनं गेला, गेला, आणि मागे वळून बघतो तर काय, वाटीच दिसेना..."

तिनं बटण सोडलं.

"डावीकडे वळ. आणखी. बस्स, हीच दिशा धर. बोल."

"मग चमच्यानं पातेल्याला विचारलं, वाटी कुठं राहते हो? पातेलं म्हणालं, मी आपलं एका जागी बसणारं, मला कशाला विचारतोस? चाळणीला विचारलं, तर तिच्या काही लक्षातच राहीना. चमचा घाबरला नव्हता हं, सोनू. दांडा थरथरत होता, एवढंच."

सोडलं. "किंचित उजवीकडे. बोल."

इंधनाचा डावा काटाही टेकला. ती बोलली, बोलली, आणि पुन्हा बटण सोडलं.

नुसती खरखर.

ती थांबली. किती थांबली कोण जाणे. शेवटी तिला ते सोसवेना. टॉवर आहे की नाही, काटा वळतोय की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. तिनं बटण दाबलं ते असं, की अंगठ्याचं नख पांढरं पडलं. पुन्हा सोडायचा धीर झाला नाही.

"सोनू, हं म्हण ना गं. हं म्हटलं नाहीस तर मला कळणार कसं, ऐकतेयस की नाही? बरं, नको म्हणूस. मी सांगते. चमचा चालत राहिला. अंधार नव्हता, पण दिसतही नव्हतं..."

पांढऱ्यात एक हिरवा ठिपका उमटला. विझला नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला टॉवरच्या काचेतून हिरवा दिवा दाखवतात: उतर. ठिपक्याखाली धुक्यातून काळी पट्टी वर आली.

तिनं विमान टेकवलं ते गोष्ट सांगत सांगतच. पट्टीवरून वळता वळता इंजिन आपणहून बंद पडलं.

तिला शिकवणाऱ्या मॅडम धावत आल्या. त्यांनी दार उघडलं. "अगं, पोहोचलीस! सोड ते बटण."

"...वाटी म्हणाली, एवढा वेळ कुठं होतास..." ती समोर बघत बोलतच होती.

मॅडम आत वाकल्या. झोपलेल्या बाळाच्या मुठीतून आपलं बोट सोडवावं, तसा त्यांनी तिचा अंगठा हळूच बटणावरून उचलला.

तिचे कान उघडले.

"हं," मोजकेसाहेब म्हणत होते. त्यांचा घसा बसला होता. "हं... मग? हं..."