देवाला पाठ

कीर्तनकार बुवा व्यासपीठाची पायरी चढता चढता थबकले. "अहो वर्तक, इथं उभा राहिलो तर देवाला माझी पाठ होते की!"

वर्तकांनी चमकून गाभाऱ्याकडे पाहिलं. कॅनडात येऊन उभी हयात त्यांनी चर्च, शाळा, इस्पितळं बांधली. आपल्या माणसांचं देऊळ हे पहिलंच. चर्चच्याच सवयीनं त्यांनी गाभाऱ्यापुढे लोकांकडे तोंड करणारं व्यासपीठ बांधलं, आणि कीर्तन देवासमोर उभं राहून करायचं असतं, हे लहानपणी रोज पाहिलेलंच नेमकं विसरले.

"आज घ्या चालवून, बुवा. माणसं जमलीत," मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

"माणसं घेतील हो चालवून. पण पहिला श्रोता तो ना, बाई!" म्हणत बुवा झांजा घेऊन पार दाराशी जाऊन उभे राहिले.

मध्ये खुर्च्यांची दाटी. तिथून देव दिसेना. वर्तकांना बसवेना. कोट फेकून ते स्वतःच मांडलेल्या रांगा दोन्ही भिंतींकडे ओढू लागले. लोकही उठले. गाभाऱ्यापर्यंत वाट मोकळी झाली.

"आता दिसतो का हो देव?" वाटेतच उभ्या वर्तकांनी धापा टाकत विचारलं.

"दिसेल की," बुवा हसले, "तुम्ही बाजूला झालात म्हणजे!"